बूथचा पंखा घेण्याआधी
भावा, पंखा किती हॉर्सपॉवरचा ते नंतर बघ, आधी बूथची, म्हणजे रंग फवारायच्या बंद खोलीची, मापं काढ. आडव्या हवेच्या बूथमध्ये (हवा एका बाजूने आत, समोरून बाहेर) हवेचा मिनिटाला साधारण 100 फूट वेग धरतात. बूथ 10 फूट रुंद, 8 फूट उंच असेल तर 80 गुणिले 100, म्हणजे 8000 सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). तेही फिल्टर लावल्यावर. कॅटलॉगमधला आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो.

जेवढी हवा बाहेर फेकशील तेवढी आत यायला फिल्टर लावलेली वाट हवी. नाहीतर दाराच्या फटीतून धूळ ओढली जाते, क्लिअरवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) दाणे दिसतात आणि आपण पेंट कंपनीला शिव्या घालतो. फिल्टर किती चोंदलाय ते नुसतं बघून कळत नाही, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक दाखवणारा साधा मॅनोमीटर लाव.

घरगुती एक्झॉस्ट फॅन अजिबात नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. एका ठिणगीत पेटेल. मोटार हवेच्या वाटेबाहेर ठेव आणि फ्लेमप्रूफच घे, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी.

टू-के पेंटच्या (दोन भाग मिसळून वापरायच्या रंगाच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. बूथ कितीही भारी असो, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतोच. फवारणी थांबली तरी पंखा लगेच बंद करायचा नाही.