एकट्यासाठी रात्रीचं गरम, सोपं आणि शाकाहारी जेवण काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एकटे राहता, घरी यायला साडेआठ होतात, एक शेगडी आणि एक छोटा कुकर आहे, डब्याचा कंटाळा आलाय, आणि भाजी केली की तीन दिवस तीच खावी लागते. यातलं शेवटचं गाऱ्हाणं मला सगळ्यात खरं वाटलं. एकट्याच्या स्वयंपाकात पदार्थ अडत नाहीत, प्रमाण अडतं. उरलेल्या अर्ध्या कोबीचं करायचं काय?

म्हणून माझं म्हणणं, भाज्यांच्या आधी पिठं आणा. नोकरीतल्या बदल्यांमुळे मी बरीच वर्षं एकटी राहतेय आणि निम्म्या रात्री माझं जेवण पिठाच्या डब्यांतूनच निघतं. पीठ निवडायला नको, भिजत घालायला नको, आणि भूक असेल तेवढंच घेता येतं. बेसन, तांदळाचं पीठ, कुळथाचं पीठ आणि मेतकुटाची एक बरणी, एवढं पुरे.

पिठल्यापासून सुरुवात करा. एका माणसाला चार मोठे चमचे बेसन पुरतं. सव्वा कप पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवा. कढईत तेल जरा सढळ हाताने घाला. मोहरी तडतडली की हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. कांदा असला तर परतून घ्या, नसला तर अडत नाही. मग कालवलेलं पीठ ओता, मीठ घाला आणि हात न थांबवता ढवळा. दोन-तीन मिनिटांत ते दाटायला लागतं आणि नवशिके नेमके इथेच गॅस बंद करतात. तसं करू नका. आच मंद करा, झाकण ठेवा आणि चांगली पाच मिनिटं वाफ येऊ द्या. कच्च्या बेसनाचा वास जातो, रंग थोडा गडद होतो, वर चकाकी येते आणि जाड बुडबुडे पचपच फुटायला लागतात. झालं पिठलं. भातावर घ्यायचं असेल तर असंच पातळ ठेवा, भाकरीबरोबर हवं असेल तर पाणी थोडं कमी घाला.

भाकरी मात्र घरी करायच्या फंदात पडू नका. येताना पोळी-भाजी केंद्रातून दोन गरम भाकऱ्या घ्या. रात्री नऊला एका माणसासाठी परात आणि तवा काढून पसारा घालण्यात काही शहाणपणा नाही, आणि विकतची भाकरी खाल्ली म्हणून कोणी नावं ठेवायला येत नाही.

कुळथाच्या पिठीबद्दल मी पक्षपाती आहे, कारण माहेर रत्नागिरीकडचं. पण पावसाळ्यात आणि थंडीत तिला तोड नाही. दोन मोठे चमचे पीठ दीड कप पाण्यात कालवायचं, तेलात पाच-सहा लसणीच्या पाकळ्या ठेचून लाल करायच्या, मिरची, हिंग, हळद, मग पाणी-पीठ, मीठ आणि दोन आमसुलं. उकळी येईपर्यंत ढवळायचं, पुढे मंद आचेवर पाचेक मिनिटं. कुळीथ भाजून दळलेले असतात, त्यामुळे फार शिजवावं लागत नाही. मऊ भात, वर पिठी, वर तुपाची धार. ताटात वाढेपर्यंत ती आणखी दाटते, तेव्हा गॅसवरून उतरवताना जराशी पातळच ठेवा. पुण्या-मुंबईत कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानांत हे पीठ सहज मिळतं.

ताक आंबट झालं असेल तर तांदळाची उकड. अर्धी वाटी पीठ, एक वाटी ताक, एक वाटी पाणी, मीठ हे एकत्र करून आलं-मिरची-लसणाच्या फोडणीत ओतायचं आणि पिठल्यासारखंच ढवळून वाफ काढायची. खाताना वर कच्चं तेल. तूप घेतलं तरी चालतं, पण मग ती उकड नव्हे असं माझी आई म्हणेल.

डाळीचा नियम उलटा. ती एकट्यापुरती लावू नका, मूठभर डाळीसाठी कुकर तापवणं जिवावर येतं. वाटीभर तूरडाळ शिजवा, निम्मीची त्या रात्री आमटी करा, निम्मी साधीच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तिच्या चकोल्या. मूठभर कणीक तिखट, मीठ, हळद, ओवा घालून घट्ट मळा, लाटून सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा, आणि गूळ-चिंच घातलेल्या पातळ आमटीला खळखळून उकळी आली की एकेक करून सोडा. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. दहा मिनिटं शिजू द्या. वेगळा भात नको, पोळी नको, एका पातेल्यात जेवण. पालक किंवा मेथीची चार पानं पडून असतील तर तीही यात खपतात.

आणि ज्या रात्री फोडणीसुद्धा नकोशी वाटते, तेव्हा गुरगुट्या भात, मेतकूट, तूप आणि मीठ. पापड थेट गॅसवर भाजा.

बाकी पिठं आणताना पाव किलोच्या वर आणू नका. एकट्याकडे ती हळू संपतात आणि पावसाळ्यात त्यांना जाळी धरते. जून ते सप्टेंबर माझी सगळी पिठं फ्रीजमध्ये असतात.