नऊ एक ओळीने मांडले की

प्रश्न : नमस्कार बाई. आमचा हर्णै बंदरावर मासळीचा धंदा. मुलगा नववीत आहे, हिशेबाला मोबाइलचा कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात असतो. परवा त्याने 111111111 ला त्याच संख्येने गुणलं, तर 1.23456789E16 असं आलं. हे काय? आणि तो म्हणतो ती मूळ संख्या असणार. एवढ्या मोठ्या संख्येचं कसं ओळखायचं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : पडद्यावर जागा पुरली नाही म्हणून मोबाइलने संख्या आखडून दाखवली. E16 म्हणजे गुणिले 10 चा सोळावा घात. खरं उत्तर 17 अंकी आहे : 12345678987654321.

हा गुणाकार त्याने चौकटीच्या वहीत एकदा हाताने करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नऊ ओळी येतील, सगळ्या 111111111 च्याच, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेल्या. मग उभी बेरीज. उजव्या टोकाला एकच 1, शेजारच्या घरात दोन, मग तीन, असं चढत मधे नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत एक. कुठेच दहा होत नाहीत, त्यामुळे हातचा नाही. दहा एक घेतले की मधे दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर 1234567900987654321 होतं. दोन्हीकडून सारखं वाचता येणं तिथेच संपलं.

मूळ मात्र ती नाही. वर्गसंख्या कधीच मूळ नसते, कारण जिचा वर्ग केला तिने तिला भाग जातोच. अवयव पाडायलाही यंत्र नको. नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा : 111 × 1001001. पुढे 111 म्हणजे 3 × 37, आणि 1001001 म्हणजे 3 × 333667. हा 333667 मूळ आहे. पडताळायला बसलं तर एक संध्याकाळ जाईल, पण जाऊ दे. या अवयवांवरून आपल्या 17 अंकी संख्येचे भाजक 45 निघतात. वर्गसंख्येच्या भाजकांची संख्या विषमच असते.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तिच्या अंकांची बेरीज 81, आणि 81 ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार 152415789971041, तोही 12345679 चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हणतात. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. जन्म 1905, आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूला. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संख्यांचा अभ्यास केला. 1, 121, 12321 या ज्या रांगेत तुमच्या मुलाची संख्या बसते, त्या डेम्लो संख्याही त्यांच्याच. 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, आणि परांजपे मुर्डीचे, म्हणजे हर्णैहून आंजर्ल्याची खाडी ओलांडली की आलंच! मुलाला हे जरूर सांगा.

त्याला मूळ संख्याच हवी असेल, तर नुसते एक मांडून शोधू दे. 11 मूळ आहे. त्यानंतरची थेट 19 एकांची. एकांची संख्या 4, 6, 9 अशी संयुक्त असली की वरसारखे गट पडतात, म्हणून ती लगेच बाद. पण 7 स्वतः मूळ असूनही 1111111 मूळ नाही. तिला 239 ने भागून बघ म्हणावं.