मत्स्यशेतीत औषधांवर विसंबून न राहता माशांचे रोग कसे टाळता येतील?

तुमच्या कार्पच्या तळ्यात वरचेवर मरतूक होते, दर वेळी खाद्यातून अँटिबायोटिक द्यावं लागतं आणि हे थांबवायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच अंशी थांबतं. मी स्वतः त्यातून गेलोय.

अंगावर लाल चट्टे, जखमा दिसल्या की आपण जिवाणूला धरतो. अशा जखमांत बऱ्याचदा सापडणारा एरोमोनास तळ्यात बारा महिने असतोच, धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. ऑक्सिजन घटला, अमोनिया वाढला किंवा जाळं ओढताना खवले निघाले की त्याला वाट मिळते. म्हणून मेलेला मासा तरंगताना दिसला की मी आधी वही उघडतो आणि गेल्या आठ दिवसांत पाण्याचं काय झालं ते बघतो.

ऑक्सिजन पहाटे मोजा. रात्रभर शेवाळ आणि प्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) तो वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सगळ्यात कमी असतो. दुपारचा आकडा नेहमीच छान येतो, त्याचा उपयोग शून्य. पहाटे लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर उत्तम. रोजच ३ च्या खाली जात असेल तर कार्प मरणार नाही कदाचित, पण खाणं सोडेल आणि लवकर आजारी पडेल. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री चालवायचा तो यासाठी.

अमोनियाचं गणित जास्त फसवं आहे. पाण्यात एकूण अमोनिया तेवढाच असला तरी त्यातला विषारी भाग सामू (पाण्याचा pH) आणि तापमानाप्रमाणे बदलतो. २५ अंशाला सामू ७ असताना तो एक टक्क्याहूनही कमी असतो, सामू ९ झाला की एक तृतीयांशाच्या आसपास जातो. हिरव्यागार तळ्यात उन्हाच्या दुपारी सामू ९ सहज गाठतो. म्हणजे सकाळी निर्धोक वाटणारं पाणी दुपारी कल्ले जाळतं. आणि हा अमोनिया येतो कुठून? आपणच टाकलेल्या खाद्यातून. मासे पंधरा-वीस मिनिटांत संपवतील तेवढंच द्या, ढगाळ दिवशी हात आखडता घ्या. वाढ मंदावेल अशी भीती मलाही वाटायची, पण वाया जाणारं खाद्य कमी झालं, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. एकदा घाईत नवीन बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, थेट मोठ्या तळ्यात सोडली. तिच्यासोबत उवा आल्या, आरग्युलस म्हणतात त्या. मासे बांधाला अंग घासायला लागले तेव्हा कळलं, आणि तोवर उशीर झाला होता. त्या कडक पृष्ठभागावर अंडी घालतात, म्हणून पाण्यात फळ्या लटकवून दर काही दिवसांनी बाहेर काढायच्या, खरवडायच्या आणि उन्हात कडकडीत वाळवायच्या, असं महिनोन्‌महिने केलं. तेव्हापासून नवीन माल दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत राहतो. त्या टाकीची जाळी, बादल्याही वेगळ्या. हंगाम संपला की तळं आटवून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवतो, मग चुना मारतो.

अँटिबायोटिकबद्दल इतकंच लक्षात घ्या की आजारी मासा खात नाही. औषध जातं निरोगी माशांच्या पोटात आणि उरलेलं गाळात, जिथे प्रतिकारक्षम जिवाणू तयार होतात. नॉर्वेत १९८७ मध्ये सॅमन शेतीत सुमारे ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. लसी आल्यावर दहा वर्षांच्या आत तो वापर अगदी थोड्या टनांवर आला, उत्पादन मात्र कित्येक पट वाढलं. (समुद्री उवांनी ते अजूनही हैराण आहेत, हा भाग वेगळा.) कार्पसाठी इतक्या सर्रास लसी नाहीत, त्यामुळे आपली भिस्त पाण्यावर आणि दाटी कमी ठेवण्यावर. तुम्ही दाटी किती ठेवलीय ते लिहिलेलं नाही, ते कळवा.

एवढं करूनही मरतूक झालीच तर प्रयोगशाळेत मेलेला मासा नेऊ नका. तो काही तासांतच सडतो आणि भलतेच जिवाणू सापडतात. आजारी पण जिवंत असे दोन-चार मासे, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, त्याच तळ्याच्या पाण्यात न्या. सोबत वेगळ्या बाटलीत थोडं पाणीही.