भिंतीवरचा तो खिळा

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. मुलीने दोन वर्षांत नामवंत चित्रकारांच्या चौदा चित्रांच्या प्रतिकृती केल्या आहेत आणि त्या सगळ्या तिला कलासंस्थेच्या प्रवेशासाठीच्या पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांच्या संचात, लावायच्या आहेत. शिकवणीतले सर मात्र म्हणतात, कॉपी एकही नको. कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

तिचा हात चांगला आहे, हे आधी सांगते. प्रतिकृती करणं तिने मुळीच सोडू नये. पण चौदाच्या चौदा लावल्या तर निवड करणाऱ्यांना तिचा हात दिसेल, नजर दिसणार नाही. आणि ते शोधत असतात ती नजरच.

सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं 'दूध ओतणारी बाई' हे चित्र तिने तीन आठवडे बसून केलं, असं तुम्ही लिहिलं आहे. तो फोटो मी बराच वेळ पाहिला. निळा एप्रन, पाव, दुधाची धार, सगळं जमलंय. मागची भिंत मात्र तिने एकसारख्या रंगाने भरून टाकली आहे. १६६० च्या सुमाराचं मूळ चित्र जेमतेम ४५ सेंटीमीटर उंच आहे, तरी त्या भिंतीत एक खिळा आहे, खिळ्याची सावली आहे, जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. आणखी एक गंमत: बाईच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी भिंतीवर भांडी टांगायची फळी काढली होती. ती त्याने नंतर रंगाखाली झाकली. खिळा ठेवला, फळी घालवली. का, हा प्रश्न तिला पडायला हवा. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात आहे, त्याच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं. तिला अर्धा तास नुसती भिंत बघू द्या.

मग तेच चित्र तळहाताएवढ्या चौकटीत, फक्त काळा, करडा आणि पांढरा वापरून काढायचं. चेहरा, बोटं काही नको, उजेड कुठून येतो आणि कुठे थांबतो एवढंच. अशी पाच-सहा झाली की घरातल्या खिडकीजवळ कुणाला तरी पाणी ओतायला उभं करायचं आणि समोर बघून रेखाटायचं, मोबाइलवरच्या फोटोवरून नाही. त्यातलं काय ठेवायचं आणि काय झाकायचं, हे तिने स्वतः ठरवायचं. खाडाखोड झालेली पानं फाडू देऊ नका. ती पोर्टफोलिओत लागतील.

सरांचं म्हणणं मी खोडून काढत नाही, फक्त 'एकही नको' हे मला टोकाचं वाटतं. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. समोर होते कृष्णधवल छाप, रंग सगळे त्याचे स्वतःचे. तुमच्या मुलीच्या चौदांपैकी एकाही चित्रात तिने स्वतःचा रंग लावून पाहिलेला नाही. तेवढं एकदा करून बघायला सांगा.

पोर्टफोलिओत प्रतिकृती एक, फार तर दोन. खाली स्पष्ट लिहायचं, 'व्हर्मीरच्या चित्रावरून', आणि शेजारी तिची स्वतःची खिडकी. किती कामं हवीत, स्केचबुक मागतात का, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. माहितीपत्रक नीट वाचा.

भिंत बघून झाली की तिला काय दिसलं ते तिच्याच हस्ताक्षरात मला पाठवा. चार ओळी पुरतील.