वडील घरातली प्रत्येक दुरुस्ती स्वतः करायला जातात आणि दर वेळी नवं नुकसान करून ठेवतात. त्यांना न दुखावता कसं थांबवू?

थांबवू नका. आमच्या घरी थांबवलं होतं, त्याचं काय झालं ते मी पाहिलंय.

२०११ ची हरतालिका. विक्रोळीला कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. आईचा कडक उपास, दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणे, तिच्या डोक्याला ती टपटप नको म्हणून बाबा वॉशर बदलायला बसले. आधी गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉकही बंद करून आले. पण तिथून सहा लाइनी उतरतात आणि एकीवरही नंबर नव्हता. त्यांनी बंद केली ती शेजारच्या विंगची.

पाना लावून जोर दिला तर वरचा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, सुटायच्याऐवजी अख्खा नळच फिरला आणि भिंतीतला गंजलेला लोखंडी पाइप आट्यांपाशी मोडला. बाबांनी भोकावर अंगठा दाबला, तर पाणी थेट छताला. सोडला की समोरच्या डब्यांवर. मी पातेली लावतेय, आई उपाशीपोटी गोधड्यांचे बांध घालतेय आणि बाबा ओरडतायत, "घाबरू नका, प्रेशर कमी होतंय!" कुठलं कमी होतंय, टाकी नुकतीच भरली होती. वॉचमनला बरोबर कॉक सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली.

तोवर पहिल्या मजल्यावरच्यांच्या मखरावर धार लागली होती. पुठ्ठ्याचं मखर, वर सोनेरी कागद. मी धावत खाली पोचले तेव्हा त्याचा डावा खांब वाकत वाकत रिकाम्या पाटावर टेकला. मूर्ती अजून यायची होती म्हणून निभावलं.

मामा आमची मूर्ती आणायला आला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, तुम्ही नुसते बसून राहा, तीच मोठी मदत." सगळे हसले. ओल्या बनियनमध्ये उभे असलेले बाबाही हसले.

पुढचं बघायला मामा थांबला नाही. रात्री साडेअकराला बाबा आईचा हिरवा शालू, मच्छरदाणीच्या चार काठ्या आणि टाचण्यांची डबी घेऊन खाली गेले ते पहाटे चारला वर आले. खालच्यांचा गणपती त्या वर्षी शालूच्या मखरात बसला. शालूला टाचण्यांची भोकं पडली, ती आई अजून मोजून दाखवते.

त्यानंतर हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. बल्ब उडाला तरी बाबा म्हणायचे, "कुणालातरी बोलवा." दोन वर्षं. रविवारी दुपारी खिडकीत गप्प बसलेला तो माणूस मला माझा बाप वाटेना. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, लोअर परळहून चालत मला शाळेतून आणायला निघालेला हाच माणूस. मी शेजाऱ्यांबरोबर केव्हाच घरी आले होते. बाबा रात्री दोनला एका पायात चप्पल आणि शाळेत अडकलेली दुसऱ्यांची दोन मुलं घेऊन दारात उभे. धांदरट म्हणा, माझी हरकत नाही. पण बिनकामाचा माणूस असा असतो का?

तेव्हा वडिलांच्या शेजारी बसा. कॉक बंद केल्यावर नळ उघडून पाणी खरंच थांबलंय का बघा, मगच पाना हातात द्या. एका पान्याने नळ धरायचा, दुसऱ्याने स्पिंडल फिरवायचा, म्हणजे जोर भिंतीतल्या पाइपवर येत नाही. टेफ्लॉन टेप, म्हणजे आट्यांतून गळू नये म्हणून लावतात ती पातळ पांढरी पट्टी, आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटते. आणि गच्चीवरच्या लाइनींवर ऑइलपेंटने खोल्यांचे नंबर घालून टाका.

वीज आणि गॅसला मात्र त्यांना हात लावू देऊ नका. २३० व्होल्टला हेतू कळत नाही. तिथे सरळ भांडा, दुखावले तर दुखावले. साठीनंतर स्टुलावर चढणंही बंद.

आमच्याकडे आत्ता जो नळ आहे तो बाबांनीच २०१३ साली बसवला, एक पाना मी धरला होता. मामा दिवाळीला आला की जेवून त्याच नळाखाली हात धुतो. या दिवाळीत त्याला मी ते सांगणार आहे, सगळ्यांसमोर.