दर कमी, तरी लिफाफा उघडलाच नाही

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत आमचे लोखंडी बाके-कपाटांचे छोटे युनिट आहे. जिल्ह्यातल्या एका कार्यालयाच्या निविदेला उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचे) जोडले, म्हणून बयाणा, म्हणजे निविदेसोबतची अनामत, भरला नाही. पहिल्याच, म्हणजे कागदपत्रांच्या लिफाफ्यात बाद झालो, दराचा उघडलाच नाही. असे का?
(एक वाचक, कुपवाड)

उत्तर: उद्यम जोडले की बयाणा माफ, या समजुतीपायी बऱ्याच निविदा बुडतात. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात ही माफी आहे खरी, पण ते धोरण केंद्रीय खाती आणि केंद्राच्या उपक्रमांपुरते. जिल्हा परिषद, महापालिका किंवा राज्याच्या खात्यात माफी हवी असेल, तर त्या निविदेत तशी अट आहे का ते शोधा. केंद्राची माफीही उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. तेव्हा प्रमाणपत्रावरचा एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा क्रमांक) फर्निचर उत्पादनाचा आहे ना, हे पाहा. नसेल तर उद्यम पोर्टलवर दुरुस्ती फुकट होते. त्यासाठी एजंटाचे खिसे भरू नका.

बयाणा भरायचाच असेल, तर दोन-तीन दिवस आधी भरा. एनईएफटीची रक्कम महाटेंडर्सवर (राज्याच्या निविदा पोर्टलवर) जमा दिसायला वेळ लागतो, आणि मुदत सर्व्हरच्या घड्याळाने संपते.

पहिल्या लिफाफ्यात माणूस बाद होतो तो बहुधा कागदावर. अनुभवासाठी नुसता कार्यादेश चालत नाही, पुरवठा पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. उलाढालीच्या दाखल्यावर सीएचा यूडीआयएन (दाखला ऑनलाइन पडताळण्याचा क्रमांक) हवा. शपथपत्र निविदेसोबतच्याच नमुन्यात करा. आणि या लिफाफ्यातल्या एखाद्या कागदावर दर दिसला, तर विषयच संपला. शुद्धीपत्रक (निविदेतल्या बदलाची सूचना) निघाले आहे का, हे अपलोड करण्याच्या दिवशी पुन्हा पाहा.

दरपत्रकाची एक्सेल फाइल त्याच निविदेतून उतरवलेली हवी. तिचे नाव बदलू नका, एक्सेलमधले मॅक्रो (फाइल आपोआप चालवणाऱ्या आज्ञा) चालू ठेवा. नाहीतर पोर्टल ती घेत नाही. दर जीएसटीसह की जीएसटीविना, हे अटींत वाचूनच आकडा टाका. सगळे अपलोड झाले तरी ‘फ्रीझ बिड’ दाबून पोच निघाल्याशिवाय निविदा भरली असे समजू नका.

प्रश्न: माल देऊन सहा महिने झाले, बिल निघत नाही. व्याज मागता येते का?
(एक वाचक, कराड)

उत्तर: येते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिले असले, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल पोचल्यावर १५ दिवसांत खात्याने लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असे धरतात. म्हणून डिलिव्हरी चलनावर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. उद्यम नोंदणी मात्र ऑर्डरच्या आधीची असलेली बरी. बांधकामाच्या कंत्राटाला हा कायदा लावण्यावरून न्यायालयांत वाद झाले आहेत, तिथे वकिलाला विचारूनच पुढे जा.

बिलातून जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापला असेल (करार अडीच लाखांवर असेल तर कापतात), तर तो बुडालेला नाही. जीएसटी पोर्टलवर स्वीकारलात की तिथल्या तुमच्या कॅश लेजरमध्ये (कर भरायच्या खात्यात) येतो.

प्रश्न: रेल्वेच्या निविदेत आमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १० टक्क्यांनी जास्त आला. संपले का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर: सर्वांत कमी दर सूक्ष्म-लघु उद्योगाचा नसेल, तर नाही. रेल्वे केंद्राची, म्हणून वरचे २०१२ चे धोरण लागते आणि तुमचा फरक त्यातल्या १५ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहे. त्या कमी दराला माल द्यायची तयारी असेल, तर किमान २५ टक्के पुरवठा तुमच्यासारख्यांना मिळू शकतो. त्या दरात पत्रा, वेल्डिंग, रंग आणि वाहतूक भागते का, याचा हिशेब निविदा भरतानाच करून ठेवा. विचारणा आल्यावर सवड मिळत नाही.