लॅबमधून दुरुस्त होऊन आलेली कवळी तशीच तोंडात घालावी का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची तुटलेली कवळी लॅबमधून जोडून आली, तिथे सगळ्यांच्या कवळ्या एकत्र हाताळतात मग कुणाचं काही लागेल का, आणि घरी उकळून घेतली तर चालेल का. आधी शेवटचं सांगतो, उकळू अजिबात नका. ॲक्रिलिक म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक आहे ते, उकळत्या पाण्यात वाकतं, आणि कवळी केसभर जरी वाकली तरी हिरडीवर नीट बसत नाही, मग डॉक्टर म्हणणार लॅबने बिघडवली आणि लॅबवाले म्हणणार मापच चुकलं होतं. मी लॅबमध्येच काम करतो त्यामुळे हे भांडण मला पाठ आहे.

लागण होऊ शकते का, तर हो, निष्काळजीपणा केला तर होऊ शकते. हिपॅटायटिस बी चा व्हायरस तोंडाबाहेर वाळलेल्या रक्तात निदान 7 दिवस जिवंत राहतो. पण लोकांना वाटतं धोका कवळ्या शेजारी शेजारी ठेवण्यात आहे, खरा धोका असतो पॉलिशिंगच्या ट्रेमध्ये. लेथच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या मशीनच्या, चाकाखाली प्युमिस असतं, राखाडी पावडर पाण्यात कालवलेली, ओल्या सिमेंटसारखी दिसते, ती कवळीला थापायची आणि फिरत्या कापडी बफवर धरायची. मी जिथे शिकलो तिथे तोच गारा दिवसेंदिवस चालायचा, सुकला की वरून पाणी ओतायचं बस, सुट्टीनंतर झाकण काढलं की असा वास यायचा की विचारू नका. सगळ्यांच्या कवळ्या त्यातच. आता मी प्रत्येक केसला थोडंसंच नवीन प्युमिस घेतो, उरलेलं फेकतो आणि बफ ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनला, जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी धुणं मग जंतुनाशक सोल्युशन, उलटं नाही. थुंकीचा बुळबुळीत थर, कवळी चिकटवायची पेस्ट, कडेला साठलेलं किटण हे सगळं तसंच ठेवून हायपोक्लोराईटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या पाण्यात, टाकली तर ते त्या घाणीवरच खर्च होतं, आतपर्यंत काही पोचत नाही. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण आणि ब्रश, मग 10 मिनिटं सोल्युशन, मग परत भरपूर पाणी. तारा असलेली किंवा धातूची पार्शल, म्हणजे थोड्याच दातांची कवळी, असेल तर हायपोक्लोराईट नको, धातू काळा पडतो. आणि अल्जिनेटचं, म्हणजे तोंडात दाबून घेतात त्या मऊ मसाल्याचं, माप असेल तर बुडवून ठेवायचं नाही, ते पाणी पिऊन फुगतं, स्प्रे मारून पिशवीत बंद करायचं. क्लिनिकने डिसइन्फेक्ट करून पाठवलं असेल तर पिशवीवर तसं लिहावं एवढीच आमची विनंती असते, नाहीतर आम्ही पुन्हा डिसइन्फेक्ट करतो आणि दोनदा झालं की नाजूक मापाचं वाटोळं होतं.

तुम्ही काय करायचं तर परत आलेली कवळी डॉक्टरांकडूनच बसवून घ्या आणि तुमच्यासमोर डिसइन्फेक्ट करून धुवायला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. घरी करायचीच असेल आणि पूर्ण ॲक्रिलिकची असेल तर बिनवासाचं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, 10 मिनिटांच्या वर नाही, नंतर खळखळून धुवा. त्यात व्हिनेगर वगैरे मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. टूथपेस्टने घासू नका, बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथेच घर मिळतं.

आणि खरं सांगू का, कवळीवाल्यांना दुसऱ्याच्या जंतूंपेक्षा स्वतःच्याच तोंडातली कॅन्डिडा बुरशी जास्त छळते. वडील रात्री कवळी काढून पाण्यात ठेवतात का ते बघा आणि एकदा टॉर्च मारून त्यांचा टाळू बघा. कवळी बसते नेमक्या तेवढ्याच भागात लालभडक दिसला तर नुसती कवळी धुवून भागणार नाही, डॉक्टरांना टाळू पण दाखवावा लागेल.